कडू तुंब्यातला डाव

मी तुंबा बोलतोय. होय, वाळलेला भोपळा! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मला सवय आहे. किन्हीराजातल्या नानाजींच्या घरी ओसरीच्या खांबाला, लहान पोराच्याही हाताला लागेन एवढ्या उंचीवर, मी टांगलेला असतो. माझ्या अंगावर डाव्या बाजूला एक लांब शिवण आहे. ती कशी आली ते पुढं सांगेन. पण एवढं आधीच ऐकून ठेवा, की या घरात सात माणसं आहेत आणि चूल एक आहे, आणि ती एकच राहिली ती माझ्यामुळं. मी फार मिजास करतो असं कोपऱ्यातली मडक्यांची उतरंड म्हणते. म्हणू दे बापडी. तिनं काय केलंय आयुष्यात? एकावर एक बसून राहिली.

माझा जन्म गावाबाहेरच्या तांड्यातला. सोमलाच्या झोपडीवर त्याच्या बायकोनं, नानीबाईनं, माझा वेल चढवला होता. शेजारच्या छपरावर गोड भोपळ्याचा वेल होता. त्याची पोरं कोवळी असतानाच कालवणात गेली. मी कडू जातीचा, म्हणून कोणी विळी लावली नाही. कडूपणाची मला कधी लाज वाटली नाही, उलट मी त्याचे उपकारच मानतो.

उन्हाळ्यापर्यंत मी छपरावर कडकडीत वाळलो. मग सोमलानं माझं तोंड कापलं, पोटात पाणी आणि खडे घातले आणि रोज सकाळ-संध्याकाळ मला खळाखळा हलवायला लागला. आतलं सगळं सडून बाहेर येईपर्यंत आठ दिवस हा प्रकार चालला. ते आठ दिवस वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत! पण त्यानंतर माझं पोट असं लख्ख झालं की दोन वर्षं मी सोमलासोबत रानात पाणी घेऊन गेलो, आणि भर दुपारी माझ्यातलं पाणी गार लागायचं.

नानीबाई नानाजींच्या वावरात कापूस वेचायला यायची. तिथं नानाजींच्या मोठ्या सुनेनं, कस्तुराबाईनं, मला पाहिलं.

"नानीबाई, हा तुंबा देतं काय मले? अंबाडीचं बी ठेवाले पायजे."

"ने ना बाई. एक पायली जवारी दे, अन् त्याले उन्हात फेकू नोको. जीव हाय माया त्याच्यावर."

एका पायली ज्वारीवर मी या घरात आलो. पोटात अंबाडीचं बी, आणि जागा चुलीच्या वरच्या खुंटीवर. धुरानं माझा रंग काळपट झाला, पण तिथून सगळं घर दिसायचं.

घर कसं होतं सांगतो. नानाजी म्हणजे घरातले म्हातारे, पोरं त्यांना आबा म्हणायची आणि सुना मामाजी. त्यांची बायको कधीच वारलेली. थोरला मुलगा जानराव, त्याची बायको कस्तुराबाई आणि त्यांची दहा वर्षांची पंचफुला. धाकटा पुंजाजी, त्याची बायको चंद्रभागा आणि त्यांचा सहा वर्षांचा उकंडा. पंचफुला आणि उकंडा एका ताटात जेवायची, एका गोधडीत निजायची, आणि भांडायचीही तेवढीच.

पण खरी भांडणं मोठ्यांची. भांडणाचं मूळ म्हणजे काम. पाणी आडावरून आणायचं, दळण जात्यावर, गोठ्यात शेणाचा ढीग, राखेनं घासायची भांडी, आणि हे सगळं दोन बायकांच्या चार हातांवर! जानराव वावरातून आला की खाटेवर, पुंजाजी आला की पारावर. बसल्या जागेवरून "पाणी!" म्हणून आवाज दिला की झालं. त्यांना भांडणाचा आवाज ऐकू यायचा, पण त्यामागचं कारण दिसायचं नाही. आणि बायकांचं सगळं लक्ष एकमेकींच्या हातांकडं.

"मी पहाटपासून जात्यावर हावो, अन् महारानी अजून वेनीच घालून राह्यली!"

"अन् चार घागरी पानी कोनं आनलं, बाई? तुमच्या मायेरच्यानं?"

हे असं वर्षभर चाललं. मग एक दिवस चंद्रभागेनं नाल्यावरून चिकणमाती आणली, त्यात भुसा कालवला आणि अंगणाच्या कोपऱ्यात एक नवीन चूल घालून वाळत ठेवली. ती कशासाठी ते सगळ्यांना समजलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. आखाजीला घर वेगळं होणार, ओसरीच्या मधोमध भिंत पडणार. नानाजी त्या चुलीकडं पाठ करून बसायला लागले आणि एक भाकर कमी खायला लागले. दोन्ही पोरांना कोणी काही सांगितलं नव्हतं. तरी पंचफुलानं उकंड्याला विचारलं, "भिंत झाल्यावर तू कोन्या बाजूनं निजशीन रे?" उकंडा म्हणाला, "मी भिंतीवर निजीन." 

दुसऱ्या दिवशी सकाळी कहर झाला. चूल कोणी पेटवायची यावरून दोघी जावा अशा अडून बसल्या की एक उंबऱ्यावर आणि दुसरी जात्याजवळ. ऊन ओसरीवर आलं तरी चूल थंड. गोठ्यात गाय हंबरत होती. उकंडा भुकेनं रडायला लागला.

तेव्हा पंचफुला उठली. तिनं पाटावर चढून मला खुंटीवरून काढलं, माझ्या पोटातलं अंबाडीचं बी सुपात ओतलं आणि उकंड्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो डोळे पुसत पळाला आणि एकेक वस्तू घेऊन आला. चिंचोका म्हणजे भांडी. सरकी म्हणजे गोठा, कारण सरकी गाय खाते. कवडी म्हणजे पाणी. ती नानीबाईच्या घागऱ्याची तुटून पडलेली होती. जात्याचा टवका दळणासाठी, लाल गुंज चुलीसाठी, खराट्याची काडी झाडण्यासाठी. सहा झाल्या, आणि माणसं सात. उकंड्यानं खिशातला सागरगोटा काढून टाकला. "हा राजा," तो म्हणाला. "राजाले काई नाई कराचं."

पंचफुलानं मला खुळखुळ वाजवलं आणि थेट नानाजींच्या पुढं धरलं.

"आबा, डाव घ्या."

"कायचा डाव वं?"

"घ्या त खरं. तुमीच सांगता ना, डाव आंगावर आला त खेयाडूनं हटू नाई?"

तरुणपणी नानाजी आट्यापाट्या खेळायचे. दहा गावांत त्यांच्यासारखा पाटी फोडणारा नव्हता, असं ते स्वतः सांगायचे. म्हाताऱ्यानं नातीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हात घातला. माझं तोंड अरुंद, आतलं काही दिसत नाही, एकच हात जेमतेम जातो. हात बाहेर आला तेव्हा बोटांत खराट्याची काडी होती.

"झाडू," पंचफुला म्हणाली. "आज आंगन तुमचं."

 कस्तुराबाई जात्याजवळून ओरडली, "पोट्टे, येड लागलं काय तुले? मामाजीच्या हाती झाडू देतं?"

नानाजी उठले. धोतर वर खोचलं. मग इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि विचारलं, "झाडू कोठी असते आपल्या घरी?"

साठ वर्षं त्या घरात राहिलेला माणूस हे विचारत होता! चंद्रभागेनं पदर तोंडात कोंबला, तरी तिचं हसू फुटलंच. तिकडं कस्तुराबाई पण हसली. दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनी लगेच तोंडं फिरवली. पण हसून झालं होतं.

नानाजी वाऱ्याच्या उलट दिशेनं झाडत होते. सगळा धुरळा त्यांच्याच मिशांत. शेजारचा एक जण कुंपणावरून डोकावून म्हणाला, "नानाजी, हे काय मांडलं?" म्हातारा न थांबता म्हणाला, "डाव आला हाय मायावर." बाप झाडू मारतोय म्हटल्यावर पोरांनी काय करावं? जानरावनं मुकाट हात घातला, त्याला दळण आलं. पुंजाजीला भांडी. आणि चूल आली चंद्रभागेवर. तिनं ती पेटवली, अंगणातली नाही, घरातली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण पाण्याच्या तुंब्यापेक्षा मोठं काहीतरी आहोत. आणि ते खरंच आहे, मी उगाच फुशारकी मारत नाही.

तेव्हापासून माझी जागा ओसरीच्या खांबावर आली आणि रोज सकाळी मी खुळखुळायला लागलो. आवाज आला की सगळे ओसरीवर गोळा. हळूहळू कायदेही झाले. राजा निघाला तर जिंकला, दळण निघालं तर हरला. भारी डाव कोणावर आला तर त्यानं एक जोडीदार मागायचा, आणि ज्याला मागितलं त्यानं नाही म्हणायचं नाही. त्यालाच घरात 'डावात लावणं' म्हणायला लागले. राजाला पहिली भाकर मिळणार. आणि सगळ्यात कडक कायदा उकंड्याचा: घरात 'काम' हा शब्द काढायचा नाही. जो काढेल त्याला दोन भांडी जास्तीची. त्यामुळं सगळे 'डाव' म्हणायला लागले. कोणी हाक मारली तर "थांब, माया डाव बाकी हाय," असं उत्तर. दारावरून जाणाऱ्याला वाटायचं, ही माणसं दिवसभर खेळतातच काय?

आणि मजा तरी किती! जानराव पहिल्यांदा जात्यावर बसला तेव्हा पीठ असं जाड निघालं की भाकर थापता थापता फाटली. कस्तुराबाईनं ओवी गायली ती नवऱ्यावरच: "जात्यावर बसला माया घरचा धनी, भाकरीचा झाला भुगा, बाई, हासल्या साऱ्याजनी." जानराव लाजून लाल झाला. पण दुसऱ्या खेपेला त्यानं कसं बारीक दळायचं ते तिलाच विचारून घेतलं. पुंजाजी राखेनं भांडी घासताना तमाशातल्या नाच्यासारखा आवाज काढायचा आणि उकंडा झाकणावर ताल धरायचा.

हाच पुंजाजी एक नंबरचा लबाड निघाला. सलग तीन दिवस त्याच्यावर राजा आला. चौथ्या दिवशी कस्तुराबाईनं त्याला गोठ्यामागं पकडलं. गडी सागरगोटा दगडावर खसाखसा घासत बसला होता! घासला की सागरगोटा चटका देण्याइतका तापतो, हे शाळेतल्या पोराला पण ठाऊक असतं. तो तापवून हा माझ्या पोटात टाकायचा, आणि हात घातला की बोटांना ऊब लागेल तोच उचलायचा. मला ते पहिल्याच दिवशी समजलं होतं, माझं पोट पोळत होतं! पण मी सांगणार कसं?

"भाऊजी, थंडी वाजून राह्यली काय राजाले?" कस्तुराबाईनं विचारलं आणि सगळं घर पोट धरून हसलं. पुंजाजीला आठ दिवस शेण मिळालं.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. पावसाळ्यात एका सकाळी कस्तुराबाईवर पहिल्यांदा राजा आला. तिनं सागरगोटा हातात धरला आणि तिला काही सुचेना. ती खाटेवर बसली, उठली, पुन्हा बसली. चुलीकडं गेली तर पंचफुलानं हाताला धरून परत आणलं. चंद्रभागेनं पहिली भाकर ताटात वाढून तिच्यासमोर ठेवली, तशी ती ढसाढसा रडायला लागली. "या घरात येऊन बारा वर्स झाले," ती म्हणाली, "मायं ताट कोनं वाढलं नोतं वं लहाने." चंद्रभागा तिच्याजवळ बसून राहिली. त्या दिवसापासून एकमेकींच्या घागरी मोजणं बंद झालं. आखाजी कधीच होऊन गेली होती आणि अंगणातल्या नव्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं.

इथं गोष्ट संपली असती तर मी एक सुखी तुंबा असतो. पण दिवाळी आली. ते छप्पन्न साल. वऱ्हाड आता मुंबई राज्यात गेलं म्हणून पारावर मोठी चर्चा होती. चंद्रभागा उकंड्याला घेऊन भाऊबीजेला माहेरी, केनवडला गेली. पुंजाजी तिला आणायला गेला तेव्हा उकंडा म्हणाला, मी आठ दिवस आजोबाकडं राहतो. चंद्रभागेचे वडील आकारामजी, करारी माणूस, त्यांनी आनंदानं ठेवून घेतलं.

पुढचं केनवडातलं मी पाहिलेलं नाही. उकंड्यानं नंतर जसं सांगितलं तसं सांगतो. आकारामजी पान लावत बसले होते. नातवाला म्हणाले, "तुमच्या घरी काय चालू हाय रे?"

"आमच्या घरी दररोज सकायी डाव असते."

पानाचा हात थांबला. "डाव? कोन खेयते?"

"सबन खेयतात. आबा, मोठे बाबा, बाबा, माय, मोठी माय. तुंब्यात कवडी राह्यते."

"अन् हरते कोन?"

"माय लय हरते. बाबा जिंकते, पन बाबानं लबाडी केली त पकडलं त्याईले. अन् बुधवारच्या डावात त बाबानं मायलेच लावलं!"

आता 'डावात लावणं' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे; बुधवारी पुंजाजीवर दळण आलं होतं आणि त्यानं बायकोला जोडीदार मागितलं होतं. पण आकारामजींना काय माहीत? त्यांना एवढंच ऐकू आलं की आपली लेक अशा घरात पडली, जिथं सासऱ्यापासून सगळे कवड्यांचा जुगार खेळतात, लबाडी करतात आणि बायको डावावर लावतात. त्यांच्या बायकोनं म्हटलं, "आधी कोनाले पुसून त पाहा." त्यांनी कोणाला पुसलं नाही. गाडी जुंपली, नातवाला घेतलं आणि निघाले. एक रात्र मालेगावला ओळखीच्याकडं काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किन्हीराजात आले. लेकीला घेऊन जायचं आणि जावयाला वेगळं व्हायला लावायचं, नाहीतर सोयरीक तोडायची, असं ठरवूनच आले होते.

आले ते नेमके डावाच्या वेळी! उकंडा गावात नसल्यानं त्याचा डाव पंचफुलानं काढला होता. शेवटचा हात फक्त चंद्रभागेचा राहिला होता. दारात गाडी थांबली तेव्हा मी नानाजींच्या हातात खुळखुळत होतो आणि जानराव जोरात ओरडला, "पंचफुला आजबी हरली!"

आकारामजी वादळासारखे आत आले. जोडेही काढले नाहीत. नानाजींच्या हातातून मला हिसकलं आणि ओसरीच्या दगडावर आपटलं. अहो, माझ्या जन्मात असा आवाज मी ऐकला नव्हता, आणि तो माझाच होता! डावी बाजू गळ्यापासून बुडापर्यंत तडकली.

"मुठी उघडा!" आकारामजी गरजले. "किती लावले ते पाहू द्या मले. या वयात, नानाजी? सुनाईच्या देखत?"

सगळ्यांच्या हातांच्या मुठी झाल्या होत्या, ते खरंच.  नानाजींनी मूठ उघडली. आत खराट्याची काडी. जानरावच्या हातात सरकी. पुंजाजीनं चिंचोका दाखवला. कस्तुराबाईच्या तळहातावर गुंज. पंचफुलाकडं दोन्ही हातांत एकेक, कवडी आणि जात्याचा टवका. आकारामजी एकेक हात पाहत गेले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला दुखत असूनही हसू येत होतं.

"हे काय? पैसा कोठी हाय?"

"पैसा कायचा, बाबा?" चंद्रभागा पुढं आली. "हे आमचे डाव हायत. काडी म्हनजे आंगन झाडाचं. सरकी म्हनजे गोठा. ज्याच्या हाती जे येते ते त्यानं कराचं. मामाजी सहा महिन्यांपासून झाडू मारून राह्यले, बाबा."

"पोट्टा त म्हने तुले डावात लावलं!"

"दयनाले लावलं! जात्यावर!" पुंजाजी कळवळून म्हणाला.

आकारामजींना आपली चूक कळली. पण माणूस ताठ. एवढ्या लांबून गाडी घेऊन आलेला, सगळ्यांसमोर तुंबा फोडलेला, आता मागं कसं यायचं? ते म्हणाले, "ते काई असो. आखाजीच्या आंधी तूच सांगे ना मले, की या घरात तुयं मन लागत नाई, वेगळी चूल घालतो म्हनून? गाडी दारात हाय. चाल. वेगळं होयेपर्यंत मायाकडे राह्य."

 बोलली होती ती खरंच तसं, सहा महिन्यांपूर्वी. आणि बापाच्या तोंडावर कोण नाही म्हणणार? मी तडकलेल्या अंगानं दगडावर पडून पाहत होतो. कस्तुराबाईनं मागून धाकट्या जावेचा पदर घट्ट धरला होता, बाजारात लेकरू आईचा धरतं तसा.  हे घर मोडणार की राहणार, ते आता एकट्या चंद्रभागेच्या तोंडात होतं.

चंद्रभागा खाली वाकली. माझ्या फुटलेल्या पोटातून काहीतरी घरंगळत आकारामजींच्या जोड्याजवळ गेलं होतं. तिनं ते उचललं. तो सागरगोटा होता. शेवटचा हात तिचा राहिला होता आणि माझ्या पोटात तेवढाच उरला होता.

"बाबा," ती म्हणाली, "आज मी राजा हावो या घरची. राजा घर सोडून जात असते काय?"

आणि ती खाटेवर जाऊन बसली. अशी बसली की मी सांगतो, कोणत्या पाटलिणीला तसं बसता येणार नाही!

सगळ्यात आधी नानाजी हसले. मग काडी हातात धरून व्याह्यांना म्हणाले, "इवाई, बसा. जोडे काढा, आंगन झाडून घेतो, मंग बोलू." आणि ते खरंच झाडायला गेले. उकंड्यानं पाण्याचा तांब्या आणला. कस्तुराबाईनं चूल पेटवली आणि पहिली भाकर चंद्रभागेच्या ताटात पडली. तिनं ती मोडून अर्धी बापाच्या ताटात ठेवली. आकारामजी मान खाली घालून जेवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिखटाचं म्हणाले.

जेवण झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. मला उचललं, तड बोटानं चाचपली. मला वाटलं माफी मागतील, पण तसा तो माणूस नव्हता. त्यांनी पंचफुलाला बोलावलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "पोरी, घरात दोघंच असले, बुढा अन् बुढी, त हा डाव कसा खेयाचा?"

पंचफुलानं बोटं मोजली. "सोपं हाय. तीन वस्तू तुमी काढाच्या, तीन आजीनं काढाच्या."

"अन् राजा?"

"तो पयल्या दिवशी काढाचा नाई. हातात देऊन टाकाचा."

"कोनाले?"

"तुमाले मालूम हाय," पंचफुला म्हणाली.

ते उठले आणि गाडी जुंपायला गेले. जाताना लेकीला सोबत चल म्हणाले नाहीत. उकंड्याचा सागरगोटा मात्र मागून नेला.

मी फुटलो म्हणून उतरंडीला गुदगुल्या झाल्या होत्या. फार दिवस नाही टिकल्या. दुसऱ्या दिवशी नानीबाई आली, मला पाहून "माया लेकराले कोनं फोडलं वं?" म्हणून तिनं आधी सगळ्या घराला शिव्या दिल्या. मग आरीनं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं मला असं शिवलं की आता पाणी राहत नाही, पण डाव राहतो. पाण्याला घागरी आहेतच, त्यांना तेवढं तरी करू द्या.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. नानाजींच्या गुडघ्यांनी आता जोर सोडला आहे. अंगण आलं तर ते खाटेवर बसून तूर निवडतात आणि अंगण उकंडा झाडतो, वाऱ्याची दिशा पाहून. पंचफुलाला पाहायला धनजचे पाहुणे आले होते. मुलाला काय काय येतं असं तिनं त्यांनाच विचारलं, म्हणून ते रागावून गेले. जाऊ देत. दुसरे येतील. केनवडहून चंद्रभागेच्या आईचा निरोप आला होता की बुढा दळतो बरं, पण भांडी खरकटी ठेवतो.

मी म्हातारा झालो आहे. शिवण उसवत चालली आहे, एखाद्या उन्हाळ्यात सुटेनही. मला त्याचं काही नाही, छपरावर अजून पुष्कळ कडू भोपळे वाळतात. तुमच्याकडं मागणं एवढंच, की मला पाहून नुसतं कौतुक करून जाऊ नका. तो बघा, पंचफुला खांबाशी आली, सकाळ झाली. तुमच्या घरात माणसं किती आहेत तेवढं सांगा. वस्तू उकंडा गोळा करून देईल.